रसायनशास्त्राच्या सरांचा खिलार गोठा : एका दिवसाचे प्रशिक्षण आणि वैरण-तपासणी

सोलापूरहून मंगळवेढ्याकडे जाताना कामतीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच खिलार या देशी जातीच्या गाई-बैलांचा एक गोठा आहे. एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक तो चालवतात आणि महिन्यातून दोन रविवारी पशुपालकांसाठी एका दिवसाचे प्रशिक्षण घेतात. शुल्क माणशी आठशे रुपये असून त्यात दुपारचे जेवण आणि स्वतः आणलेल्या वैरणीच्या एका नमुन्याची तपासणी येते. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे गेलो होतो, त्यानंतर आणखी दोनदा गेलो, आणि या तीन फेऱ्यांच्या आधारे हा अभिप्राय लिहीत आहे. सरांनी नाव छापू नये असे सांगितल्यामुळे त्यांचा उल्लेख येथे केवळ ‘सर’ असा केला आहे.

मी नोकरीनिमित्त शहरात राहत असलो तरी मोहोळ तालुक्यातील आमच्या शेतावर दोन खिलार गाई आणि एक आदत, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला, खोंड आहे. हा खोंड प्रदर्शनात उतरवावा अशी माझ्या चुलत्यांची फार इच्छा होती. तेवढ्यासाठी मी एका दुकानातून ‘अंगावर चकाकी आणणारी’ पावडर विकत घेतली. डब्यावर घटकांची यादी नव्हती, आणि ती न पाहता पैसे देणारा मूर्ख मीच होतो. तिसऱ्या दिवशी खोंडाला हगवण लागली. उपचारासाठी आलेल्या पशुवैद्यांनीच मला सरांकडे पाठवले.

सरांचे आयुष्य ऐकल्याशिवाय हे प्रशिक्षण नीट समजत नाही, आणि ते आयुष्य सर सलग कधी सांगत नाहीत. धारेच्या, कुट्टीच्या, खरड काढण्याच्या कामात त्याचे तुकडे ऐकायला मिळतात. वडिलांच्या दावणीला चार बैल होते. सरांना शहरात नोकरी लागल्यावर ती दावण मोडायची असे घरात ठरले होते, परंतु सरांनी एक कालवड ठेवून घेतली आणि आजचा सगळा गोठा तिच्याच वंशाचा आहे. नोकरीच्या तीस वर्षांत पहाटे चारला गोठा आणि अकराला प्रात्यक्षिकाचा तास असा त्यांचा दिनक्रम होता. अंगरख्याला शेणाचा वास येतो म्हणून मागच्या बाकावरची मुले हसत, हे ते स्वतःच हसत सांगतात.

गोठ्याच्या ओसरीवर लाकडी कपाटात प्रयोगवह्यांची चळत आहे. महाविद्यालयात मुलांना देतात त्याच त्या वह्या, तांबड्या समासाच्या, आणि प्रत्येक नोंदीला उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष हीच शीर्षके. मी उघडलेल्या पानावर निरीक्षण होते : ‘हरणी कालवडीने सरकी पेंड हुंगून सोडली, शेजारच्या गाईनेही सोडली.’ निष्कर्ष होता : ‘पोते ओलाव्याला होते. दोष कालवडीचा नाही, माझा.’ हे वाचल्यावर आठशे रुपये वसूल झाल्यासारखे मला वाटले, आणि तेव्हा सकाळचे साडेआठच वाजले होते.

पहिला पाठ वजनाचा असतो. काटा नसताना छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजायची, घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणायचे आणि ६६० ने भागायचे, म्हणजे वजन किलोमध्ये अंदाजे मिळते. माझ्या खोंडाचा घेर ५८ आणि लांबी ५० इंच असल्याचे मी सांगितल्यावर सरांनी फळ्यावर आकडेमोड करून २५५ किलो काढले आणि विचारले, “दुकानदाराने पावडरीचा डोस किती वजनाला सांगितला होता?” मला उत्तर देता आले नाही.

यानंतरचा भाग या सेवेतील सर्वांत मोलाचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर लिहितो. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात हिरव्या वैरणीसाठी कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, करण्याची पद्धत आहे. पाणी कमी पडून खुरटलेल्या कोवळ्या कडवळात धुरिन नावाचे द्रव्य जास्त असते. जनावराने पान चघळले की त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि ते जास्त प्रमाणात गेले तर जनावर पाहता पाहता आडवे होते. फुलोऱ्याआधीचे कडवळ टाकू नये हे जुने लोकही सांगत आले आहेत, परंतु सर ते डोळ्यांनी दाखवतात. मी नेलेल्या कडवळाची पाने त्यांनी खलबत्त्यात चेचून एका छोट्या बाटलीत घातली, वर क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाकले आणि पिक्रिक आम्ल व धुण्याचा सोडा यांच्या द्रावणात भिजवलेली पिवळी कागदी पट्टी बुचाला अडकवून आत लोंबती ठेवली. आम्ही चहा घेईपर्यंत पट्टी नारिंगी झाली होती आणि कप विसळून येईपर्यंत विटकरी. तेच कडवळ त्या सकाळी गाईंना घातले तर नाही ना, हे मी चुलत्यांना फोन करून विचारले तेव्हा माझा आवाज कापत होता. सुदैवाने भारा अजून बांधावरच होता.

ही चाचणी घरी करता येईल का, असे एकाने विचारले. सरांनी ठाम नकार दिला, कारण कोरडे पिक्रिक आम्ल स्फोटक असते आणि त्यांची स्वतःची बाटलीही ते पाण्याखालीच ठेवतात. घरी करायचे ते एवढेच, की फुलोरा येईपर्यंत थांबायचे, शंका असेल तर कापून वाळवायचे किंवा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) करायचा, आणि जनावराला झटका आल्यास घरगुती उपाय न करता पशुवैद्याला बोलवायचे. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही इंजेक्शने आहेत, पण ती वेळेत मिळाली तरच उपयोगी पडतात.

दुपारच्या सत्रात गव्हाच्या काडावरील युरिया-प्रक्रिया असते : १०० किलो काडाला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थर देत शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचे आणि २१ दिवस उघडायचे नाही. ही माहिती कुठेही मिळते. अमोनियामुळे काड का मऊ पडते हे मात्र सरांइतके स्वच्छ कोणी सांगितलेले मी ऐकलेले नाही. आमची एक गाय चपला आणि गोणपाट चघळते, ही तक्रारही मी तिथेच मांडली. आधी जंताचे औषध डॉक्टरांकडून घ्या, असे सांगून सरांनी मग स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) कमतरतेचा मुद्दा काढला. निव्वळ कडब्यावर असलेल्या जनावराला स्फुरद कमी पडते, तर गव्हाच्या कोंड्यात ते भरपूर असते. रोज कोंडा आणि ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू केल्यावर दोनेक महिन्यांत तिने चपला सोडल्या.

प्रदर्शनाच्या तयारीविषयी मात्र माझी थोडी निराशा झाली, आणि ती नोंदवणे भाग आहे. सर धुणे, खरारा, कासऱ्यावर चालवणे, चौकात चारही पाय सारखे ठेवून उभे करणे एवढेच शिकवतात. शिंगे काचेने साळून पातळ करणे, पंधरा दिवसांत अंग भरवणे यांना त्यांचा विरोध आहे. “शिंग, नख, केस एकाच द्रव्याचे आहेत, पण शिंगाच्या आत जिवंत हाड आहे,” असे ते म्हणतात. बेंदराला पूर्वी शिंगांना हिंगूळ लावत, तो तर पाऱ्याचे संयुग आहे; त्याऐवजी लोहाच्या मातीचा हुरमुंज लावा, हा त्यांचा आग्रह योग्यच आहे. परंतु परीक्षकांसमोर शेजारचा खोंड साळलेल्या, तेल लावलेल्या शिंगांनी उभा असतो तेव्हा काय करायचे, यावर सरांकडे उत्तर नाही, किंवा असलेले उत्तर आपल्याला सोयीचे नाही.

गैरसोयीही आहेत. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारीच भरतो, त्यामुळे ज्यांना हे प्रशिक्षण खरोखर हवे त्यांतील बरेच जण येऊ शकत नाहीत. छापील टिपणे मिळत नाहीत आणि सर बोलता बोलता विद्यापीठाच्या पुस्तकातील संज्ञांकडे वळतात, आमच्यातील एक मेंढपाळ काका दीड तास माना डोलावत होते आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, “समदं पटलं, पण कळलं किती ते इचारू नका.” महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय अपुरी आहे. सात म्हणजे सात; सात वाजून दहा मिनिटांनी आलेल्या दोघांना सरांनी परत पाठवल्याचे मी पाहिले आहे. जेवण मात्र उत्तम असते : ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, आणि घरच्या गाईचे ताक.

जेवताना शर्यतींचा विषय निघाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात खोंडांना गिऱ्हाईक नसल्याने अनेकांनी दावणी रिकाम्या केल्या. त्यापाठोपाठ २०२२ मध्ये लंपी या जनावरांच्या त्वचारोगामुळे बाजारही बंद झाले. सरांनी त्या वर्षांत एकही खोंड का विकला नाही, असे मी विचारले. वहीत त्या काळाची पाने पाहा, असे ते म्हणाले. मी पाहिली. खर्चाच्या रकान्यात निवृत्तिवेतनातील मोठा हिस्सा दर महिन्याला कडब्यावर गेलेला दिसत होता, आणि निष्कर्षाच्या जागी सलग कित्येक महिने फक्त ‘चालू’ एवढाच शब्द होता.

आमचा खोंड यंदा तालुक्यातील एका प्रदर्शनात उतरला. अंग, पाय, वशिंड आणि चाल यांत त्याला चांगले गुण मिळाले, शिंगांत तो मागे पडला आणि क्रमांक आला नाही. चुलते सरांवर चिडले आहेत. मी निकाल कळवला तेव्हा सरांनी शांतपणे विचारले, “त्याच्या बापाची शिंगे कशी होती?” ती आखूड होती. “मग ते वैरणीतून कसे येईल?” एवढे बोलून त्यांनी खोंडाचा आताचा घेर विचारला आणि तो वहीत लिहून घेतला.

एप्रिलमधला दुसरा रविवार मी नोंदवून ठेवला आहे. या वेळी कडवळाचे दोन नमुने न्यायचे आहेत, एक पाणी मिळालेल्या वाफ्यातला आणि एक बांधाकडचा खुरटलेला. दुसऱ्या नमुन्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील, तेवढे सरांनी फोनवरच स्पष्ट केले आहे.