बी ४५० वर ५६०० टाकू, एएम५ ला जाऊ, की १२४०० घेऊ?

माझ्याकडे २०१९ पासून एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर होता, बी ४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर ४ रॅम. अगदी हाच सेटअप असलेले ओळखीत अजून चार-पाच जण आहेत आणि सगळ्यांचा प्रश्न सारखाच, की आता नुसता प्रोसेसर बदलू का सगळंच काढून नवीन घेऊ, म्हणजे एएमडीचा नवा सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) एएम५, नाहीतर इंटेलचा १२४०० प्रोसेसर. मी जुन्याच बोर्डवर रायझनचा नंतरचा ५६०० टाकला आणि मी खूश आहे, पण म्हणून प्रत्येकाला डोळे झाकून तेच सांगणार नाही, कारण कुणाकडे आधीपासून काय पडलंय आणि मशीनवर काम काय करतो यावर सगळं फिरतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: प्रोसेसरची एकट्याची किंमत बघायचीच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात तापकीर गल्लीत जा, नाहीतर ऑनलाइन कार्ट भरून बघा, कोटेशन घेताना प्रोसेसर, बोर्ड, रॅम आणि लागत असेल तर कूलर असं मिळून घ्या, जीएसटी धरून. दोन प्रोसेसरमध्ये दोन-तीन हजारांचा फरक दिसतो आणि माणूस त्यावरच तासभर डोकं लावतो, पण खरा पैसा जातो बोर्ड आणि रॅममध्ये. ५६०० माझ्या जुन्या बोर्डवर बसतो म्हणजे माझा खर्च एका डब्याचा. एएम५ वाल्या रायझन ७६०० ला नवीन बोर्ड लागतो, नवीन प्रकारची डीडीआर ५ रॅम लागते, म्हणजे खर्च तीन डब्यांचा. मग ७६०० जास्त फास्ट आहे हे खरं असूनही "पैशाच्या मानाने कोण भारी" याचं उत्तर उलटं होतं.

आता २६०० आणि ५६००. कागदावर दोन्ही ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), दोन्ही ६५ वॅट, त्यामुळे लोकांना वाटतं की ह्यात बदललं काय. बदललंय ते आत. २६०० मध्ये कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाला ८ एमबी एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), एका गटाला दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर मधला रस्ता पार करावा लागतो आणि तिथे वेळ जातो. ५६०० मध्ये सहाही कोअर एकाच गटात आणि पूर्ण ३२ एमबी कॅश सगळ्यांची सामायिक. त्यात बूस्ट, म्हणजे जोर लागल्यावरचा सर्वात जास्त वेग, ३.९ वरून ४.४ गिगाहर्ट्झ. गेममध्ये अॅव्हरेज एफपीएस (दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतातच, पण मला जास्त जाणवलं ते मधेमधे बसणारे झटके कमी झाले ते, गर्दीच्या सीनमध्ये गाडी वळवली की जे अडखळायचं ते जवळपास गेलं.

५६०० ऐवजी त्याच्या वरचा ५७०० एक्स घ्यायचा का? रेंडरिंग, कोड कंपाइल, व्हर्च्युअल मशीन असलं काही चालत असेल तर घ्या, ८ कोअरचा उपयोग होतो, फक्त डब्यात कूलर येत नाही तो खर्च धरा. नुसतं गेमिंग असेल तर ५६०० बास. ५७०० एक्स थ्रीडीला ९६ एमबी कॅश आहे आणि एएम४ वर (आपल्या जुन्या बोर्डांचा सॉकेट) गेमिंगला तो खरंच जबरदस्त, जानेवारी २०२४ मध्ये आला होता, पण आता त्याचा नवीन डबा रास्त भावात सापडणं मुश्किल झालंय, आणि त्याच्यासाठी अव्वाच्या सव्वा पैसे मोजायचे असतील तर तेच पैसे एएम५ कडे वळवलेले बरे.

इथे एएम४ चं मनापासून कौतुक करावंसं वाटतं. २०१७ मध्ये बी ३५० बोर्ड घेतलेला माणूससुद्धा नवीन बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) टाकून ५६०० वगैरे ५००० सिरीज लावू शकतो, एएमडीने २०२२ मध्ये ते अधिकृतपणे खुलं केलं. इंटेलकडे असं नसतं. सहाव्या-सातव्या जनरेशनचे बोर्ड एलजीए ११५१ सॉकेटचे, आठवीचे पण एलजीए ११५१, तरी जुन्या बोर्डवर आठवी जनरेशन चालली नाही, त्या काळात सातवीचा बोर्ड घेतलेल्यांना वर्षभरातच ते कळलं.

एएम५ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि त्याचा खरा मुद्दा म्हणजे पुढचा रस्ता. २०२७ आणि त्यापुढेही हा सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलंय, आणि २०२२ च्या बोर्डवर २०२४ चा ९८०० एक्स थ्रीडी प्रोसेसर बायोस अपडेट करून चालतोय हे सगळ्यांसमोर आहे. शून्यापासून मशीन बांधणाऱ्याला म्हणून मी ७६०० आणि एएम५ चा एक साधा बी ६५० बोर्ड सांगतो. डब्यात कूलर येतो, छोटा का होईना आतला ग्राफिक्स आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड वॉरंटीत गेलं तरी स्क्रीन चालू राहते, ५६०० मध्ये ती सोय नाही. ९६०० एक्स नवीन आहे पण गेममध्ये फरक थोडा आणि कूलर वेगळा, तर स्वस्तात मिळाला तरच.

१२४०० कुणी घ्यावा? हे सांगायला मला थोडं थांबावं लागतं कारण बरेच जण त्याला जुना म्हणून सोडून देतात. जानेवारी २०२२ चा आहे, सहा पूर्ण कोअर, डीडीआर ४ वाले बोर्ड मिळतात, म्हणजे घरात डीडीआर ४ च्या चांगल्या स्टिक पडल्या असतील पण बोर्ड मेलाय किंवा खूपच जुना आहे, तर हा हिशोबात बसतो. आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे असाल तर एफ नसलेला १२४०० बघाच. आजचे बरेच कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी या जड व्हिडिओ फॉरमॅटमध्ये शूट करतात, ती फाइल टाइमलाइनवर ओढताना इंटेलचा आतला ग्राफिक्स ती हार्डवेअरवर उघडतो, ५६०० आणि बहुतेक जुनी ग्राफिक्स कार्डं तिथे दमतात. १२४०० एफ मध्ये तो ग्राफिक्सच नाही, तेव्हा थोडे पैसे वाचवायला एफ घेऊन पस्तावू नका. तोटा एवढाच की १२४०० च्या सॉकेटचा, एलजीए १७०० चा रस्ता संपलाय, पुढे चौदावी जनरेशन शेवटची. वरचे तेरावी-चौदावीचे चिप सेकंडहँड घेताना जपून, त्यांच्यात व्होल्टेजमुळे चिप खराब होण्याचा प्रॉब्लेम निघाला होता आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (चिपचं आतलं सॉफ्टवेअर, बायोसमधून येतं) काढले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान मायक्रोकोडने भरून निघत नाही. बाराव्या जनरेशनला तो त्रास नाही.

आणि वेळ कधीची? आधी बघा प्रोसेसर खरंच अडवतोय का. गेम चालू करून रेझोल्यूशन एकदम खाली आणा, एफपीएस वाढले तर अडथळा ग्राफिक्स कार्डचा आहे, जैसे थे राहिले तर प्रोसेसरचा. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची सेटिंग) चालू आहे का तेही बघा, ३२०० वेगाची रॅम वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारे मी पाहिलेत आणि जुन्या रायझनला ते फार महागात पडतं. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी, प्रोसेसरचं नंतर बघू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, २६०० वर विंडोज ११ अधिकृत चालतं पण १६०० सारख्या पहिल्या पिढीतल्या रायझनवर नाही, त्यामुळे १६०० वाल्यांनी फार ताणू नये. आणि २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले, एआय डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला लागल्यापासून, त्याने माझं मत अजूनच पक्कं झालं: हातात चालू डीडीआर ४ आहे तो पैसाच आहे. अशा वेळी ५६०० टाकून दोन-तीन वर्षं काढायची आणि डीडीआर ५ चे भाव उतरले की सगळं एकदम बदलायचं, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

५६०० घ्यायचं ठरलंच तर जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच बायोस अपडेट करा, नाहीतर नवीन लावल्यावर स्क्रीनच येणार नाही. आणि कूलर काढायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट गरम होऊ द्या, मग मशीन बंद करून, प्लग काढून, कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून सोबत येतो आणि पिना वाकतात. २६०० लगेच विकू नका, आठवडाभर नवीन नीट चालला की मग विका.