पहिल्या घराचं फर्निचर: सुतार, उल्हासनगर, आयकिया की जुनं?

भांडुपला आम्ही घेतलेलं घर ३८५ चौरस फूट कार्पेटचं आहे, वन बीएचके. ताबा मिळाला तेव्हा फर्निचरसाठी दीड लाख बाजूला होते आणि सल्ले मात्र घरटी एक. सासूबाई म्हणाल्या, घरात सुतार बसवा. मावसभाऊ म्हणाला, ताई, उल्हासनगरला चल, अर्ध्या किमतीत काम होईल. ऑफिसमधल्या मैत्रिणी तुर्भ्याच्या आयकिया या फर्निचरच्या मोठ्या दुकानातले फोटो पाठवत होत्या. आई म्हणाली, थोडे दिवस थांब, जुनं चांगलं काही मिळेल. चार महिने मी या चारही वाटा फिरले. आता कोणी विचारलं की मी आधी एकच सांगते: एकाच ठिकाणाहून सगळं घर सजवायचा विचार सोडा. कपाटाला जे ठिकाण योग्य, ते सोफ्याला योग्य असतंच असं नाही.

किमती ताडून बघण्याआधी आत काय आहे ते कळायला हवं. हे मी पैसे घालवून शिकले आहे. भाड्याच्या घरात असताना आम्ही ११,००० चा पलंग ऑनलाइन मागवला होता. दिसायला सुरेख. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या कडा पावासारख्या फुगल्या. पावसाचं पाणी घरात आलं नव्हतं, आम्ही फक्त रोज लादी पुसत होतो. तो पलंग पार्टिकल बोर्डचा होता, म्हणजे लाकडाचा चुरा आणि डिंक दाबून केलेल्या फळीचा. वरून सनमायका आणि कडेला पट्टी असते तोवर ती फळी ठीक राहते. खालची कड उघडी राहिली की दररोजच्या ओल्या फडक्याचं पाणी ती शोषत जाते. शिवाय या फळीत स्क्रू एकदाच नीट बसतो. घर बदलताना पलंग खोलून पुन्हा जोडला, तर भोकं सैल होतात. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी; ती दिसायला अधिक गुळगुळीत, दारांना आणि रंगाला छान, पण पाण्याशी तिचंही वैर.

प्लायवुड म्हणजे लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले. त्यात दुकानदार सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात, तिथे थांबा. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ ही सर्वसाधारण वापराची प्लाय. आयएस ७१० ही मरीन प्लाय, तिचा नमुना ७२ तास पाण्यात उकळून तपासतात. शिक्क्याजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की तो कोणत्या कंपनीचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. मी दुकानातच उभी राहून टाकत होते. एका दुकानात क्रमांक सापडला नाही, तेव्हा मालकाने लगेच दुसरी शीट काढली.

आता सुतार. मुंबईतल्या छोट्या घरात सुताराचा खरा फायदा उंचीत आहे. तयार कपाट साडेसहा-सात फुटांचं येतं आणि त्याच्यावरची छतापर्यंतची जागा बॅगा आणि धुळीसाठी उरते. सुतार वर माळा काढून देतो. आमच्याकडे गणपतीचं मखर, गाद्या, जास्तीची भांडी सगळं त्या माळ्यावर आहे. भिंतीत बीम पुढे आला असेल, तर तेवढा कोपरा कापूनही तोच देतो.

पाच फूट रुंद, सात फूट उंच आणि वर माळा असं कपाट आम्हाला मजुरीसह ४६,००० ला पडलं. त्याच मापाचं, माळ्याशिवायचं, पार्टिकल बोर्डचं तयार कपाट मी २७,००० ला पाहिलं होतं. फरक मोठा आहे, पण कपाट ही घरातली पंधरा-वीस वर्षं न हलणारी वस्तू. साड्यांच्या आणि पुस्तकांच्या वजनाने फळी वाकते ती इथेच. म्हणून खर्च करायचा तर इथे करा, असं माझं ठाम मत आहे. सांगाडा मरीन प्लायचा घ्या. दारांना स्वस्त पर्याय चालतो. पैसे कमी पडत असतील तर आतल्या बाजूला पातळ सनमायका लावा, सांगाड्यात काटकसर करू नका.

सुताराकडून काम करून घेताना चटके बसतात ते मालात आणि हिशेबात. प्लाय आणायला स्वतः बरोबर जा, बिल आपल्या नावाचं घ्या. शीट आठ बाय चार फुटांची असते. कागदावर कोणता तुकडा कुठून कापणार ते आधी आखून घेतलंत तर एखादी शीट सहज वाचते. ‘विथ मटेरियल’ दर घेतलात तर सोपं पडतं, पण मग प्लाय कोणती, सनमायका किती जाडीची, बिजागऱ्या कोणत्या हे लिहून घ्यावंच लागतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: माल आला की थोडे, सांगाडा उभा राहिला की थोडे, दारं नीट मिटायला लागली की बाकी. सोसायटीत ठोकाठोकीच्या वेळा ठरलेल्या असतात, डेब्रिजचं डिपॉझिटही मागतात. ते आधी विचारा, नाहीतर मिस्त्री दोन तास बसून राहतो आणि रोज मात्र पूर्ण लागतो.

उल्हासनगर आणि जोगेश्वरी पश्चिमेचं ओशिवरा मार्केट या दोन्ही ठिकाणी ओळीने दुकानं आहेत, आणि दोन्हीकडे घासाघीस गृहीत धरलेली असते. उल्हासनगरला कल्याणहून कर्जतच्या लोकलने जाता येतं. मला तिथे जास्त फिरावंसं वाटलं, कारण तयार माल दाखवतानाच काही दुकानदार आपल्या मापाने बनवूनही देतात. आमचा पलंग तसाच केला. दुकानात उभा असलेला पार्टिकल बोर्डचा पलंग दाखवून मी सांगितलं, याच डिझाइनचा, पण खोका मरीन प्लायचा आणि खाली चार इंचांचे पाय. २६,००० ला झाला. टेम्पो आणि हमाली धरून आणखी २,५०० गेले.

दुकानात काय बघायचं? पलंगाचं झाकण उचलून आतली कड बघा. तिथे भुशासारखी फळी दिसते की थरांची प्लाय, ते लगेच कळतं. एक कोपरा धरून थोडा उचला. सांधा करकरला तर तो सैल आहे. सोफा असेल तर उलटा करायला लावा. दुकानदार कुरकुरतो, तरी लावा. खालच्या कापडाच्या आत चौकट कसली आहे, स्क्रू आहेत की नुसत्या पिना, ते तिथे दिसतं. फोमची घनता (घनमीटरला किती किलो) विचारा: बसायच्या जागी ४० आणि पाठीला ३२ पुरते. बिल पक्कं घेतलं तर लाकडी फर्निचरवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून ‘बिल नको ना ताई?’ असं विचारतात. मी बिल घेतलं. पुढे पलंगाचं झाकण उचलून धरणारा एक पंप ढिला पडला, तेव्हा त्याच बिलावर बदलून मिळाला.

तुर्भ्याचं आयकिया डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने तुर्भे गाठता येतं. तिथली मला आवडलेली गोष्ट म्हणजे कोणती वस्तू कशाची आहे ते छापलेलं असतं: पार्टिकल बोर्ड, फायबर बोर्ड, भरीव पाइन. दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. भिंतीवरच्या फळ्या, घडीचं टेबल, खुर्च्या, चपलांचा स्टँड या वस्तूंत तिथे पैसे वाचतात, आणि कमी जागेचा विचार त्यांनी खरोखर केलेला असतो. पण कपाटाचा सांगाडा तिथून घेताना तो बोर्डचा आहे हे लक्षात ठेवून घ्या, आणि दर दोन वर्षांनी घर बदलणार असाल तर घेऊच नका. ऑनलाइनचंही तेच, तिथे हात लावून बघता येत नाही, म्हणून वर्णनातला ‘इंजिनिअर्ड वुड’ हा शब्द दिसला की त्याचा अर्थ नेमका काय, ते विचारून घ्या. बहुतेक वेळा तो बोर्डच निघतो.

शिसवी आणि आंब्याच्या लाकडाचे पलंग बरेचसे जोधपूरकडून येतात. चांगले असतात, वजनदार असतात. घेताना लाकडातला फिकट, पांढरट भाग किती आहे ते बघा, कारण भुंगा आधी तोच पोखरतो. सागवानाचं तेल वाळवीला दूर ठेवतं, म्हणून त्याची किंमतही तशीच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचंच सागवान गेलं. नवं सागवान आमच्या बजेटमध्ये बसत नव्हतं. जुनं बसलं.

आणि इथे आईचं म्हणणं खरं निघालं. आमच्या आजोळची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा मामाने खोलीची दारं आणि एक तुळई राखून ठेवली होती. बर्मा सागवान, ऐंशी वर्षं वाळलेलं. इतकं मुरलेलं लाकूड नव्यासारखं वाकत नाही की फाटत नाही. सुताराने त्यातले खिळे काढले, रंधा मारला आणि ९,००० मजुरीत सहा फुटी दिवाण करून दिला. सोफा-कम-बेड घ्यायचा की दिवाण, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली होती. सोफा-कम-बेड उघडायला समोर पाच-सहा फूट मोकळी जागा लागते, आणि त्याची यंत्रणा आधी बिघडते. दिवाणावर दिवसा चौघं बसतात, रात्री गावाहून आलेले काका झोपतात, खाली दोन ट्रंका मावतात. घरच्या चाळीतलं लाकूड नसलं तरी पाडलेल्या इमारतींची दारं-खिडक्या-तुळया विकणारे व्यापारी मुंबईत आहेत. ओळखीच्या सुताराला विचारलंत तर तो पत्ता देतो. घेताना जोरात ठोकून ऐका, पोकळ आवाज आला किंवा खाली पीठ पडलं तर सोडून द्या.

सोसायटीच्या ग्रुपवर किंवा ओएलएक्सवर बदली झालेल्या कुटुंबांच्या वस्तू येतात. चार लाकडी खुर्च्या मला ४,००० ला मिळाल्या. लाकूड, लोखंड, काच हे जुनं घ्या. गादी, सोफा, उशा कितीही स्वस्त मिळाल्या तरी नको. एकदा ढेकूण घरात शिरले की पेस्ट कंट्रोलच्या फेऱ्या सुरू होतात.

लोखंडी कपाटाला आपण सगळेच ‘गोदरेज’ म्हणतो, कंपनी कोणतीही असो. आईकडचं तसलं कपाट मी ३,००० त स्प्रे-पेंट करून आणलं. नवं घेत असाल तर पत्र्याचा गेज विचारा: आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, म्हणून २२ पेक्षा २० गेज दणकट. आमच्यासारखं एखादं लोखंडी कपाट असेल, तर लाकडी कपाट लहान करून पैसे वाचवता येतात.

भाड्याने फर्निचर देणाऱ्या कंपन्यांचा विचार स्वतःच्या घरासाठी करू नये. महिना १,५०० धरले तरी दोन वर्षांत ३६,००० जातात, म्हणजे आमच्या पलंगापेक्षा जास्त, आणि शेवटी हातात काही राहत नाही. ११ महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला मात्र ते सोयीचं आहे.

मापाबद्दल थोडं, कारण चूक झाली तर कुठूनही घेतलेली वस्तू अडते. दहा बाय दहाच्या बेडरूममध्ये सहा फुटी किंग पलंग आणि दोन फूट खोल कपाट समोरासमोर ठेवलं, तर मधे दोनच फूट उरतात. कपाटाचं दीड फुटी दार उघडलं की उभं राहायला जागा नाही. पाच फुटी क्वीनने तीन फूट मिळतात. आम्ही क्वीन घेतला, आणि ड्रॉवरऐवजी वरून उघडणारा खोका, कारण ड्रॉवर ओढायलाही तीच जागा लागते. गादी साडेसहा फुटांपर्यंत लांब असते. लिफ्टची उंची आणि जिन्याचं वळण दोन्ही मोजून ठेवा.

कपाट कोणत्या भिंतीला लावायचं हेही आधी ठरवा. पाऊस नैऋत्येकडून मारतो, त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. आमच्या सुताराने ते कपाट आतल्या भिंतीला फिरवलं, आणि पाठीमागे दोन इंच सोडले.

आमचा हिशेब असा झाला: कपाट ४६,०००, पलंग वाहतुकीसह २८,५००, नवी गादी १४,०००, दिवाण ९,०००, खुर्च्या ४,०००, जुन्या कपाटाचा रंग ३,०००, भिंतीच्या फळ्या आणि घडीचं टेबल ६,०००. एकूण १,१०,५००. उरलेल्या पैशांत पंखे आणि पडदे झाले.

सुताराचं काम काढायचं असेल तर ते दिवाळीनंतर ते मे या काळात काढा. पावसाळ्यात हवेतला दमटपणा पॉलिशमध्ये अडकतो आणि ते पांढरट पडतं. आमच्या दिवाणाचं पॉलिश म्हणून आम्ही नोव्हेंबरपर्यंत थांबवलं, तोवर त्यावर चादर टाकून बसत होतो.