प्रालँच्या दर्यानारळाच्या वनातील मार्गदर्शित फेरी

सेशेल्सच्या प्रालँ बेटावरील व्हॅले द माय हे दर्यानारळाचे (कोको द मेर या ताडाच्या कुळातील झाडाचे) वन १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आम्ही तेथे वाटाड्यासह फेरी केली आणि ती मनापासून आवडली. हे झाड निसर्गतः केवळ प्रालँ आणि क्युरिअझ या दोन बेटांवर आढळते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात आणि त्यातील बी वनस्पतिसृष्टीत सर्वांत जड असते.

आमच्या वाटाड्याने पन्हळीसारख्या दुमडलेल्या पानांखाली थांबवून जे समजावले, ते या फेरीचे खरे मोल होते: पावसाचे पाणी पानांवर पडलेले परागकण आणि पालापाचोळा घेऊन देठावरून थेट बुंध्याशी उतरते, आणि अशा रीतीने हे झाड निकृष्ट जमिनीत स्वतःचे खत स्वतःच गोळा करते. ताजे फळ पाण्यात बुडते, म्हणून समुद्रमार्गे त्याचा प्रसार होत नाही. आपल्याकडे फकिरांच्या हाती दिसणारी करवंटी आतून पोकळ झालेल्या फळाची असते, हे तेथे उमगले.

फळांची चोरटी तोड आणि वणवा हे मोठे धोके आहेत. खेद एवढाच, की त्यांविषयी वाटाड्याने दोनच वाक्ये सांगितली. फळ विकत घ्यायचे असल्यास अधिकृत परवाना मागावाच; तो नसेल तर फळ घेऊ नये. सकाळी लवकर जावे, म्हणजे काळा पोपट दिसण्याची शक्यता वाढते.