तेरुएलच्या रानातल्या घरातले इंटरनेट : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

बार्सिलोनात सहा वर्षे काढल्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही दोघे स्पेनच्याच तेरुएल प्रांतात, मातार्रान्या नदीच्या खोऱ्यातील एका घरात भाड्याने राहायला आलो. दर चौरस किलोमीटरला जेमतेम नऊ माणसे असलेला हा प्रांत आहे. आमचे घर गावापासून अडीच किलोमीटर आत, बदाम आणि ऑलिव्हच्या बागांमध्ये आहे; अशा सुट्या शेतघराला इथे ‘मास’ म्हणतात. माझी नोकरी पुण्यातील कंपनीशी जोडलेली असून रोजची बैठक भारतीय वेळेनुसार सकाळी साडेदहाला भरते, म्हणजे इथे हिवाळ्यात पहाटे सहाला आणि उन्हाळ्यात सातला. त्या वेळी जोडणी तुटली तर दुरुस्तीसाठी फोन करावा असे कार्यालयसुद्धा उघडलेले नसते, त्यामुळे घरातील इंटरनेट हा आमच्यासाठी सोयीचा नव्हे, पोटापाण्याचा विषय आहे.

स्पेनमध्ये फायबरचे जाळे युरोपातील अनेक श्रीमंत देशांपेक्षा अधिक पसरलेले आहे, हे खरे आहे आणि आमची फसगतही त्यामुळेच झाली. घर पाहायला आलो तेव्हा गावातील बारमध्ये कॉफी पिता पिता फोनवर स्पीड टेस्ट केली, ती ५०० एमबीपीएसच्या पुढे गेली. घरमालकांनीही ‘फिब्रा’, म्हणजे फायबर, आहे असे सांगितले. ते खोटे बोलले नाहीत. फायबर गावात होते, घरात नव्हते, आणि हा फरक आम्ही विचारलाच नाही. पुढे एका कंपनीच्या विक्रेत्याने टपालाचा पिनकोड टाकून ‘कोबेर्तुरा’, म्हणजे त्या जागी सेवा उपलब्ध, असल्याचे सांगितले आणि फोनवरच करार करून घेतला. आठवड्याने तंत्रज्ञ आला. त्याने फोनवरच्या नकाशात गावाच्या शेवटच्या खांबावरील फायबरची पेटी शोधली, तिथपासून आमच्या दारापर्यंतचे अंतर १,९०० मीटर भरते हे मला दाखवले, गाडीतून केबलचे रीळ बाहेरही न काढता कागदावर ‘शक्य नाही’ असा शेरा मारला आणि तो निघून गेला. एवढे होऊनही पहिल्या महिन्याचे बिल आलेच. दूरध्वनीवरून केलेला करार १४ दिवसांच्या आत विनाकारण रद्द करण्याचा हक्क युरोपीय कायद्याने ग्राहकाला दिलेला आहे, याची लेखी आठवण करून दिल्यावर ते मागे घेण्यात आले.

या सगळ्याच्या मुळाशी पत्ता आहे. रानातल्या घराला रस्ता नसतो आणि क्रमांकही नसतो. कागदोपत्री पत्ता ‘दिसेमिनादो, सिन नूमेरो’ असा, म्हणजे ‘विखुरलेली वस्ती, क्रमांक नाही’ असा लिहिलेला असतो. संगणकाला तो समजत नाही, मग तो जवळचा समजणारा पत्ता धरतो, आणि तो नेमका गावातल्या चौकातला निघतो. यावर उपाय म्हणजे ‘रेफेरेन्सिया कातास्त्राल’ हा मिळकतीचा २० अक्षर-अंकी क्रमांक. आपल्याकडच्या सातबाऱ्यावरील गट क्रमांकाचा हा थोरला भाऊ समजावा. तो मालकाच्या घरपट्टीच्या बिलावर छापलेला असतो. भाडेकरार करण्यापूर्वी तो मागून घ्यावा आणि कंपनीकडून त्या क्रमांकावर लेखी उत्तर घ्यावे. मालक तो देण्यास खळखळ करीत असेल, तर तीही माहितीच आहे.

आमच्या घरावर जुन्या टेलिफोनची तांब्याची तार येते, खांबही शाबूत आहे. पण टेलिफोनिका या स्पेनच्या जुन्या टेलिफोन कंपनीने तांब्याचे जाळे टप्प्याटप्प्याने मोडीत काढले असल्याने ती तार आता फक्त चिमण्यांच्या उपयोगाची उरली आहे.

पहिले तीन महिने आम्ही फोर-जीच्या राउटरवर काढले. घराच्या भिंती साठ सेंटिमीटर जाडीच्या दगडी आहेत. उन्हाळ्यात त्या घर थंड ठेवतात, पण रेंजही बाहेरच ठेवतात. स्वयंपाकघरात फोन उणे ११५ डीबीएम (रेंजच्या ताकदीचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली) दाखवीत असे आणि तेच खिडकीबाहेर हात काढला की उणे ९८. राउटर आधी खिडकीच्या कोनाड्यात ठेवला, मग बाहेर भिंतीवर दिशादर्शक अँटेना लावून तिची केबल आत घेतली. ती लावताना एकजण शिडीवर चढून दर वेळी बोटभर फिरवायचा आणि दुसरी व्यक्ती आतून आकडे ओरडायची. टीव्हीच्या अँटेनासाठी गच्चीवर चढून ‘आलं का?’ असे विचारणाऱ्या पिढीला हा प्रकार नवा वाटणार नाही. राउटर आपणहून ८०० मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यावर जाऊन बसत असे. हा पट्टा लांबवर पोहोचतो आणि भिंतीही बऱ्यापैकी भेदतो, परंतु अरुंद असतो, म्हणजे त्यातून डेटा कमी जातो. सेटिंगमध्ये त्याला १,८०० मेगाहर्ट्झवर अडकवून ठेवल्यानंतर वेग १२ वरून ४० एमबीपीएसवर गेला, आणि हिवाळाभर तक्रारीला जागा राहिली नाही.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. शहरात गेलेली कुटुंबे गावच्या जत्रेसाठी आणि सुटीसाठी परत येतात, बंद घरांच्या खिडक्या उघडतात आणि गाव काही आठवड्यांपुरते तिप्पट होते. टॉवर मात्र एकच असतो. गणपतीत चाकरमानी कोकणात उतरले की गावातला फोन जसा ‘लागतोय’ म्हणत बसतो, हुबेहूब तसेच. संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत आमचा वेग ३ एमबीपीएसच्या वर गेला नाही. घर पाहायला येणाऱ्यांनी स्पीड टेस्ट फेब्रुवारीत करून समाधान मानू नये, असे मी म्हणते ते याच अनुभवावरून. आमच्या सुदैवाने तोवर मुख्य जोडणी दुसरी झालेली होती.

मधल्या काळात एका लहान स्थानिक कंपनीकडून रेडिओ जोडणीचीही चौकशी केली. गावाच्या टेकडीवर त्यांचा अँटेना आहे आणि तो छपरावरून डोळ्यांना दिसला तरच जोडणी होते. त्यांचा माणूस दुर्बीण घेऊन छपरावर चढला, दहा मिनिटे पाहत राहिला आणि खाली उतरून म्हणाला, टेकडी दिसते, पण मधल्या पाइनच्या रांगेचे शेंडे आडवे येतात; ती झाडे तुमची आहेत का? ती शेजाऱ्यांची होती. त्याने पैसे घेतले नाहीत. या अकरा महिन्यांत भेटलेला सर्वांत प्रामाणिक विक्रेता तोच.

सरकारी पर्यायही आहे. जिथे ५० एमबीपीएसची जमिनीवरील सेवा पोहोचत नाही अशा घरांसाठी ‘उनिको देमांदा रुराल’ योजनेखाली हिस्पासात या स्पॅनिश कंपनीच्या उपग्रहांवरून दरमहा कमाल ३५ युरोंत १०० एमबीपीएस वेगाची जोडणी देण्याची व्यवस्था २०२३ पासून झाली आणि ती बसवण्याच्या खर्चालाही अनुदान ठेवले गेले. बातम्या, बँक, सरकारी अर्ज, चित्रपट यांसाठी ती पुरेशी आहे आणि दोन टेकड्यांपलीकडे राहणारे एक निवृत्त जोडपे तिच्यावर समाधानी आहे. आम्ही ती घेतली नाही, कारण हे भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. आपला शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि उत्तराला आणखी पाव सेकंद लागतो, त्यावर यंत्रांचा वेळ वेगळा. बैठकीत दोघे एकदम बोलू लागतात, दोघेही एकदम थांबतात आणि ‘तुम्ही बोला’ म्हणण्यातच बैठक संपते. यात कोणाचा दोष नाही, प्रकाशाचाच वेग तेवढा आहे.

अखेरीस फेब्रुवारीत स्टारलिंक या उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या सेवेची डिश मागवली. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्याने विलंब आमच्याकडे ३० ते ५० मिलिसेकंद राहतो. वेग बहुधा १०० ते २०० एमबीपीएसच्या दरम्यान असतो, पण मला विचाराल तर तो आकडा गौण आहे. पहाटेच्या बैठकीत माझा आवाज तुटत नाही, हे महत्त्वाचे. पहिल्या दोन आठवड्यांत मात्र तो तुटत होता आणि चूक संपूर्णपणे आमची होती. छपरावर चढण्याचा कंटाळा म्हणून आम्ही डिश अंगणात ठेवली होती. दर काही मिनिटांनी दोन-तीन सेकंद जोडणी जायची. चित्रपट पाहताना ते कळतही नाही, कारण पुढचा भाग आधीच उतरवलेला असतो. बोलताना मात्र नेमका महत्त्वाचा शब्द गिळला जातो. अॅपमध्ये फोनचा कॅमेरा आकाशभर फिरवून अडथळ्यांचा नकाशा काढता येतो. त्यात आमच्या एकुलत्या एका पाइनने उत्तरेकडचा तुकडा खाल्लेला स्पष्ट दिसला. मग गावातल्या लोहाराकडून गॅल्व्हनाइज्ड पाइप आणून डिश धुराड्याजवळ उंच बसवली. इथे ‘थिएर्थो’ नावाचा कोरडा वायव्य वारा सुटतो, तेव्हा तोल सांभाळून चालावे लागते. लोहाराने पाइप पाहून विचारले, ‘ताण किती बाजूंनी?’ आम्ही ‘एका’ म्हणालो, त्यावर त्याने न बोलता तीन तारा कापून दिल्या. तेव्हापासून डिश जागची हललेली नाही.

फोर-जीचे सिम आम्ही बंद केले नाही. दोन जोडण्या घेणारा राउटर मध्ये बसवला आहे. डिश गेली की तो अर्ध्या मिनिटात सिमवर उडी मारतो. दोन जोडण्या घ्यायच्या तर त्यांचे मार्ग वेगळे हवेत. एकाच टॉवरवर चालणारी दोन कंपन्यांची सिमे घेऊन निर्धास्त राहणारे शेजारी मी पाहिले आहेत.

तरीही २८ एप्रिल २०२५ रोजी आमचे सारे नियोजन उघडे पडले. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली. डिश उत्तम होती, आकाश निरभ्र होते, आणि राउटरचा दिवा विझलेला होता. फोनची रेंज दुपार उलटेपर्यंत टिकली, मग टॉवरच्या बॅटऱ्याही संपल्या. पुण्याला ‘मी ठीक आहे’ एवढा निरोपही देता आला नाही. शेजारच्या मासमधील आजोबांनी सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर ओट्यावर आणून ठेवला आणि तिन्हीसांजेपर्यंत आम्ही चौघे तो ऐकत बसलो. वीज रात्री आली. पुढच्याच आठवड्यात एक किलोवॅट-तासाची बॅटरी घेतली. डिश आणि राउटर मिळून सत्तर-पंचाहत्तर वॉट खातात, म्हणजे बारा तास निघतात. रानातल्या वीजतारांचा विचार करता हा खर्च आम्ही पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

डिश आणि सिम मिळून महिन्याला साधारण सत्तर युरो जातात, जे बार्सिलोनातील फायबरच्या दुपटीहून अधिक आहेत. भारतातून थेट येणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की परदेशी व्यक्तीचा ‘एनआयई’ हा ओळख क्रमांक आणि बँक खाते हाती येईपर्यंत बहुतेक मासिक करार होत नाहीत. तोवर पासपोर्टवर मिळणाऱ्या प्रीपेड सिमवरच भिस्त ठेवावी लागते, आणि हा काळ आठवड्यांचा नव्हे, महिन्यांचा असू शकतो. ‘पेर्मानेन्सिया’, म्हणजे ठरावीक मुदत करार न सोडण्याची अट, किती महिन्यांची आहे हे सही करण्याआधी वाचावे. आमच्या सिमवर ती नाही, म्हणून ते आम्ही निवडले.

गेल्या महिन्यात गावाच्या बाजूने रस्त्याकडेला चर खणण्याचे काम सुरू झाले असून त्यातून नारिंगी नळ्या डोकावत आहेत. ते काम आमच्या वळणापर्यंत येईल की अलीकडच्या डुक्करपालन केंद्रापाशी थांबेल, हे काम करणाऱ्या मुलांनाही सांगता आले नाही. मी अर्ज भरून ठेवला आहे आणि पत्त्याच्या रकान्यात पत्त्याऐवजी ते वीस अक्षर-अंक लिहिले आहेत.