पट्टीवर १९३८ कोरलेलं लेथ घेताय? आधी बेडचं टोक खरवडा

१,९३,८०० रुपये गेले. लेथचे, म्हणजे धातू कातायच्या मशीनचे, १,६५,०००, ‘बेड स्क्रॅपिंग (लेथचा लांब पाया खरवडून सपाट करणं) आणि बेअरिंग’ म्हणून वरून २२,५००, टेम्पो ४,८०० आणि चेन ब्लॉक लावून उतरवायचे १,५००. जुनं मशीन दुरुस्त करून ‘विंटेज’ म्हणून विकायचा धंदा कसा चालतो ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या बाबतीत काय घडलं तेवढं सांगतो. मला ते लेथ विकणारा माणूस आजही गिऱ्हाईक शोधतोय.

मी नवखा नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आयुष्य गेलं, वडील, म्हणजे आप्पा, उद्यमनगरात टर्नर (लेथ चालवणारे कारागीर) होते. घरामागच्या शेडमध्ये एक चांगलं जुनं लेथ असावं, ही इच्छा फार वर्षांची. विकणाऱ्या गृहस्थानं पहिल्याच भेटीत आप्पांचं नाव काढलं. “तुमच्या आप्पांचा हात लई सफाईचा. त्यांच्या पोराला मी खोटं सांगीन व्हय?” मी त्याला काका म्हणायला लागलो. आपल्याकडं मशीनचा व्यवहार शब्दावर होतो, आप्पांनीही तसेच केले, आणि याच गोष्टीचा त्यानं फायदा उठवला.

लेथ नऊ इंची, हिरव्या रंगात चकाचक. हेडस्टॉकवर (काम फिरवणारा डावीकडचा भाग) पितळी पट्टी: साउथ बेंड, १९३८. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात साउथ बेंड गावी ओब्रायन या जुळ्या भावांनी १९०६ साली कारखाना काढला, त्यांची लेथं जगभर गेली, हे मला माहीत होतं. पण साउथ बेंडचं साल पट्टीवरून ठरवत नाहीत. बेडच्या टेलस्टॉककडच्या, म्हणजे उजव्या टोकाला, वरच्या अंगाला, गाइडवेंच्या (ज्यांवरून हत्यार सरकतं त्या पट्ट्यांच्या) मधे नंबर ठोकलेला असतो आणि त्या नंबरावरून साल काढतात. पट्टी काय, कुणीही कोरून देतो. माझी पट्टी तर नंतर पॉप रिव्हेट मारून बसवलेली!

आणि इथंच तो क्षण. मी त्या टोकावर बोट फिरवलं. बाकी बेडवर रंगाचा पातळ हात, फक्त तेवढ्या जागी जाड, गुळगुळीत. खाली लांबी (पुटी) भरलेली कळत होती. मी विचारलं, नंबर कुठाय? “बेड ग्राइंडिंगला टाकला, त्यात गेला.” अरे, ग्राइंडिंगनं नंबर गेला असेल तर तिथं ग्राइंडिंगचं चकचकीत लोखंड दिसायला पाहिजे, लांबी कशाला? हे मला त्या मिनिटाला सुचलं नाही, आणि अजून रात्री झोप लागत नाही ती त्याच्यापायी. पण समोर वडिलांच्या वयाचा माणूस, हातात चहा, तोंडात आप्पांचं नाव. त्या वेळी खिशातून पटाशी काढून कुणी रंग खरवडला असता? तुम्ही खरवडा. विकणारा खरवडू देत नसेल तर उठून या.

त्यानं चालवूनही दाखवलं. चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या पकडीत, चाळीस मिलीमीटर लांबीचा तुकडा धरला, बारीक कट घेतला, आरशासारखं फिनिश. मायक्रोमीटरनं दोन्ही टोकं सारखी. एवढ्याशा तुकड्यावर टेपर, म्हणजे जाडीतला उतार, दिसणार कसा? घरी अडीचशे मिलीमीटरचा बार लावला तेव्हा दोन टोकांत ०.१८ मिलीमीटरचा फरक आला. बेड सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण काम तिथंच होतं. म्हणून कॅरेजची (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) गिब, म्हणजे तिचा सैलपणा घालवणारी पट्टी, चकजवळ नीट आवळा आणि कॅरेज टेलस्टॉककडं न्या. वाटेत अडकायला लागली तर बेड खाल्लेला आहे. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

स्क्रॅपिंगचे २२,५०० घेतले त्याची तर वेगळीच चीड. गाइडवेवर चंद्रकोरीसारख्या खुणा सुरेख उठवल्या होत्या. खऱ्या स्क्रॅपिंगमध्ये निळा रंग लावून सरळ पट्टीशी घासतात, उंच भाग दिसतो तेवढाच खरवडतात, आणि हे पुन्हा पुन्हा करतात. इथं हँड ग्राइंडरनं नुसती नक्षी काढली होती.

शेवटी आप्पांबरोबर काम केलेल्या एका जुन्या टर्नरना घरी बोलावलं. त्यांनी टोकाची लांबी काढली. खाली नंबर नव्हताच, बेडला गेलेला तडा पितळेनं ब्रेझिंग करून जोडला होता. लीड स्क्रूला (कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू) पिच गेज लावला: इंचाला चार आटे. नऊ इंची साउथ बेंडला आठ असतात. म्हणजे देशी लेथ. देशी म्हणून वाईट असं मी म्हणत नाही, बटाल्याच्या नि राजकोटच्या लेथवर कितीतरी कारखाने उभे राहिले. पण मग देशी म्हणून विका की! तडा गेलेल्या बेडला पंचावन्न हजारांच्या वर कुणी देणार नाही, असं ते म्हणाले.

आता साहेब लोक. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: “मशीन मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जावा.” खोटी पट्टी लावून, तडा लपवून पैसे घेणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. अर्जावर पोचेचा शिक्का मागितला तर “साहेब बंदोबस्ताला आहेत.” ४०,००० यूपीआयनं दिले होते म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर आलं: पैसे तुम्ही स्वतः पाठवले, वस्तू घरात आहे, म्हणजे हे सायबर नाही. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ लावला तर बिल मागितलं. बिल त्यानं ‘जीएसटी वाचेल’ म्हणून दिलंच नव्हतं, आणि वरचे १,२५,००० रोख घेतले होते. पुढं एका टेबलावर विचारलं, लेथ म्हणजे कारखान्याचं मशीन, तुम्ही ग्राहक कसे? घरच्या शेडमध्ये स्वतःच्या आवडीसाठी घेतलेलं मशीन व्यापारी कसं होतं, हे सांगून सांगून घसा बसला. २०२५ च्या ऑगस्टात कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, त्याचा आम्हाला आनंदच झाला. पण माझा अर्ज खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर जाईल तेव्हा ना!

रोख देऊ नका. जीएसटीचे वाचलेले पैसे नंतर तक्रारीला उभं राहायची जागा घालवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्याकडून ‘१९३८, ओरिजिनल’ असं लिहून घ्या. माझ्याकडं तसा एक मेसेज आहे आणि सध्या तोच माझा एकमेव आधार आहे. ठाण्यात नोंद घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालानं अर्ज पाठवता येतो. मी तसा पाठवलाय. तिथूनही हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडं जाणार.

तो विकणारा आता एक शेपर मशीन (धातू रंधून सपाट करणारं) दाखवत फिरतोय. तशीच हिरवी रंगरंगोटी, तशीच पितळी पट्टी, पट्टीवर १९४२. हे वर्णन जुळणारं मशीन तुम्हाला कुणी दाखवलं तर पट्टीच्या रिव्हेटचा फोटो काढा आणि मला पाठवा. दुसरा तक्रारदार उभा राहिला तर ‘दिवाणी मामला’ म्हणणं त्यांना इतकं सोपं जाणार नाही.