नॉनवोव्हनची नवी पद्धत: पेटंट घ्यावे की गुपित ठेवावे?

नॉनवोव्हन, म्हणजे न विणता तंतू एकमेकांत गुंतवून वा चिकटवून केलेले, कापड बनवण्याची नवी पद्धत साधली की तिचे पेटंट घ्यायचे की ती कारखान्यातच गुप्त ठेवायची, हा प्रश्न बहुधा खर्चाच्या अंगाने सोडवला जातो. माझ्या मते आधी एवढेच पाहावे, की उद्या वाद झाल्यास प्रतिस्पर्ध्याने हीच पद्धत वापरल्याचे त्याच्या कापडावरून दाखवता येईल का.

स्पनलेसचा, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तंतू गुंतवलेल्या कापडाचा, तुकडा भिंगाखाली धरला तर त्या फवाऱ्यांनी उमटवलेल्या बारीक रेषा बहुधा दिसतात. नीडलपंचमध्ये, म्हणजे सुया टोचून तंतू गुंतवलेल्या कापडात, सुयांनी खाली ओढलेले तंतूंचे झुबके सापडतात. नावीन्य अशा खुणेत उतरत असेल तर पेटंट उजवे, कारण बाजारातून आणलेल्या नमुन्यापासूनच पुरावा उभा राहू लागतो. मेल्टब्लोन पद्धतीत वितळलेले प्लास्टिक बारीक छिद्रांच्या साच्यातून (डाय) काढून गरम हवेच्या झोताने त्याचे अतिसूक्ष्म तंतू करतात; या डायमधील तापमान कोणत्या क्रमाने बदलले, हे मात्र तयार कापड सहसा सांगत नाही. ट्रिप्स या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरील कराराच्या कलम ३४ नुसार काही परिस्थितींत आपली पद्धत वेगळी असल्याचे सिद्ध करण्याचा भार प्रतिवादीवर टाकता येतो. पण त्यासाठी उत्पादन तेच असावे लागते, शिवाय ते नवे असण्याची किंवा त्याच पद्धतीने बनल्याची दाट शक्यता असण्याची अट येते. जुनेच कापड स्वस्तात बनवणाऱ्या सुधारणेला यातली पहिली वाट बहुधा बंदच.

पेटंटची मुदत साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे, तर गुपिताला मुदत नाही. मात्र दुसऱ्याने स्वतंत्रपणे तीच पद्धत शोधली तर गुपित त्याला रोखू शकत नाही, आणि त्याने पेटंट घेतले तर मूळ वापरकर्त्यालाच बचाव मांडावा लागतो. अमेरिकेत असा बचाव मिळतो, पण व्यापारी वापर सर्वसाधारणपणे त्या अर्जाच्या किमान एक वर्ष आधीपासूनचा असावा लागतो. म्हणून गुपित ठेवणाऱ्याने उत्पादनाच्या तारीखवार नोंदी जपाव्यात. (यंत्र बसवायला येणाऱ्या तंत्रज्ञांशी गोपनीयतेचा करार करणेही अनेकदा राहून जाते.)

पेटंटधारकाचा धोका निराळा आहे. अमेरिकी संशोधक व्हॅन वेंटे यांनी अशाच अतिसूक्ष्म तंतूंवरील लेख १९५६ मध्येच प्रसिद्ध केला होता, त्यामुळे मेल्टब्लोनवरचा फार व्यापक दावा अशा जुन्या छापील मजकुरापुढे टिकणे अवघड.

दृश्य खुणेचे पेटंट आणि यंत्राच्या मांडणीचे गुपित, असा मधला मार्ग मला बहुतेकांसाठी योग्य वाटतो. पण झाकलेल्या मांडणीवाचून जाणकारालाही पद्धत राबवता येत नसेल, तर अपुऱ्या वर्णनाच्या कारणावरून तेच पेटंट रद्द होऊ शकते.