इतवारीच्या सराफ्यातील जुन्या चांदीच्या नाण्यांची पेढी

नागपुरातील इतवारीच्या सराफ्यात जुने चांदीचे रुपये अनेक दुकानांत मिळतात, पण बहुधा मोडीच्या भावाने. राणीछाप असो वा राजाछाप, काट्यावर सगळे कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेले रुपये, सारखेच. मी ज्या पेढीविषयी लिहीत आहे, तिच्या मालकांच्या इच्छेनुसार नाव देत नाही. तिथे नाणे आधी भिंगाखाली जाते आणि मग काट्यावर. एवढ्या एका गोष्टीसाठीही नागपुरातील संग्राहकाने तिथवर जावे, असे माझे मत आहे.

1835 पासून 1939 पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता आणि त्यात 91.7 टक्के चांदी असे. त्यामुळे वजन आणि कस यांवरून नाण्याचा खरेपणा बऱ्यापैकी समजतो, दुर्मिळता अजिबात समजत नाही. याचे उत्तम उदाहरण म्हणजे 1862 सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया. हा सर्वांत सहज सापडणाऱ्या रुपयांपैकी एक आहे, कारण तेच साल नाण्यांवर 1874 पर्यंत कायम ठेवले गेले. मात्र मुंबई टांकसाळीने प्रत्यक्ष वर्षाची खूण म्हणून तारखेजवळ बारीक टिंबे दिली, आणि टिंबांच्या काही जुळण्या इतरांपेक्षा पुष्कळच कमी सापडतात. या पेढीत 1862 चे रुपये एका ढिगात पडलेले नसतात. टिंबे आणि नाण्यावरील राणीच्या चित्राचे प्रकार पाहून ते वेगवेगळ्या कप्प्यांत लावलेले असतात, आणि झिजेमुळे टिंब नक्की दिसत नसेल तर मालक ते नाणे साध्या प्रकारातच धरतात. हा प्रामाणिकपणा मला विशेष वाटतो, कारण संशयाचा फायदा विक्रेता सहसा स्वतःकडेच ठेवतो.

पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयाबाबतही त्यांची पद्धत तशीच आहे. बादशहाच्या झग्यावरील गळमाळेत एक हत्ती आहे. 1911 च्या ठशात त्याची सोंड आणि पाय इतके आखूड आले, की तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि 1912 पासून हत्तीचे चित्र सुधारण्यात आले. त्यांनी मला 1911 आणि 1912 चे रुपये शेजारी ठेवून दाखवले. भिंगाखाली पहिल्या हत्तीचे तोंड बोथट दिसते, दुसऱ्याची सोंड स्पष्ट खाली उतरते. मग नाणे उलटून खालच्या कमळाखाली टिंब आहे का, हे पाहायला सांगितले: टिंब असल्यास मुंबई, नसल्यास कलकत्ता. घाईच्या गिऱ्हाइकालाही ते हे दाखवल्याशिवाय भाव सांगत नाहीत.

सहाव्या जॉर्जच्या 1939 च्या रुपयाची चौकशी करणाऱ्यांनी जास्त सावध राहावे. 1940 पासून रुपयातील चांदी 50 टक्क्यांवर आली, आणि जुन्या कसाचा हा शेवटचा रुपया फारच थोडा सापडतो. म्हणून 1938 च्या शेवटच्या आकड्यात फेरफार करून तो बनवला जातो. माझ्यासमोर एका गृहस्थांनी विकायला आणलेले असे नाणे मालकांनी घेतले नाही, आणि आकड्याभोवतीचा भाग बाकीच्या पृष्ठापेक्षा किंचित खोलगट आहे हे त्यांना शांतपणे दाखवले.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. साध्या वर्षांचे बरेच रुपये सराफी सवयीने रिठ्याने धुऊन, घासून चकचकीत केलेले असतात. वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक एकदा गेली की परत येत नाही, पृष्ठभागावर बारीक ओरखडे राहतात आणि संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतो. दागिन्यासाठी जे योग्य, ते नाण्यासाठी घातक आहे, हे या पेढीने तरी समजून घ्यायला हवे होते. दुसरे असे, की नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेली असतात, आणि त्या प्लास्टिकमुळे कालांतराने नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. घरी आणताच पाकीट बदलावे.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातील रुपयांची निवड मात्र तोकडी आहे. ते रुपये मोगल बादशहाच्या नावाने, फारसी अक्षरांत पाडलेले असत आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे टांकसाळीचे नाव अनेकदा काठाबाहेर जाते, म्हणून ते ओळखणे अवघड असते. या बाबतीत मालक केवळ अंदाज देतात आणि तसे स्पष्ट सांगतातही.

बिलावर साधारणपणे ‘जुने चांदी नाणे, 1 नग’ एवढेच लिहिले जाते. साल, टांकसाळ आणि प्रकार लिहून मागावा. ते नकार देत नाहीत. दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनाच्या नाण्यांसाठी काउंटरवर इतकी गर्दी असते, की भिंग घेऊन निवांत बसता येत नाही. ते दिवस सोडून दुपारी जावे.